कामगारवस्तीतील बालपण आणि मराठी आत्मकथन

मराठीत बालपणाच्या आठवणींना तोटा नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून आनंद यादवांच्या ‘झोंबी’पर्यंत पाहिले, तर आत्मकथन हा आपल्या गद्याचा एक सकस प्रांत ठरतो, आणि त्यातही बालपणाचा भाग बहुधा सर्वांत सरस उतरलेला असतो. परंतु हे बालपण घडते कोठे, असा प्रश्न केला, तर उत्तर जवळजवळ ठरलेले आहे : नदीकाठी, वाड्यात, शेताच्या बांधावर, आजोळी. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, भायखळा या भागांत मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या आणि भोंग्यावरच कामाला लागल्या. पण गिरणीत खपणाऱ्या आईबापांच्या मुलाने आपले चाळीतले बालपण सलग गद्यात सांगितले आहे, अशी पुस्तके शोधू लागलो, तर ती फारच विरळ आढळतात. या उणिवेचे कारण काय आणि ती भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक संकेश्वरासारख्या सीमाभागातील गावी राहतो. मुंबईच्या गिरण्यांची चर्चा येथून कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. तिचे उत्तर ओघानेच येईल.

प्रथम तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. तेथील कारखानदारीच्या शहरांविषयी आधी लिहिले ते बाहेरच्यांनी. मँचेस्टरच्या मजुरांचे हाल वर्णन करणारे एंगेल्सचे पुस्तक १८४५ साली जर्मनीत निघाले. डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ ची, म्हणजे आपल्या पहिल्या गिरणीच्या स्थापनेच्या वर्षीचीच. हाच डिकन्स बाराव्या वर्षी लंडनमध्ये बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना कागद चिकटवीत होता; पण ही गोष्ट त्याने हयातभर लोकांपासून लपविली. तो १८७० साली वारला आणि १८७२ साली त्याचा मित्र फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून ती प्रथम प्रकट झाली. गरिबांच्या मुलांना ज्याने इंग्रजी कादंबरीत मानाची जागा दिली, त्याला स्वतःची आठवण मात्र उघडपणे सांगवली नाही. कामगार-बालपणाच्या वाङ्मयात लाज हा केवढा मोठा अडसर असतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही.

हा अडसर ओलांडावयास इंग्रजीलाही बराच काळ लागला. रिचर्ड हॉगर्ट हा लीड्स शहराच्या हन्सलेट या कामगारवस्तीत आजीपाशी वाढलेला पोरका मुलगा. त्याचे ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ हे पुस्तक १९५७ साली आले. नाव विवेचनग्रंथाचे, पण त्याचा पूर्वार्ध म्हणजे आठवणींच्या मातीतून वर आलेले समाजदर्शन आहे. त्यानंतर रॉबर्ट रॉबर्ट्स (१९०५–१९७४) याने मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डवर ‘द क्लासिक स्लम’ (१९७१) लिहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९७६ साली, ‘अ रॅगेड स्कूलिंग’ हे बालपणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रॉबर्ट्सच्या आईचे गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा मालाचे दुकान होते. कोणाला किती उधारी द्यावयाची, कोणाच्या घरी या आठवड्यात काम नाही, कोणी काय गहाण टाकले, हे त्या मुलाने दुकानाच्या फळीमागे उभे राहून पाहिले. बाहेरच्या निरीक्षकाला सारे मजूर एकसारखे दिसतात. रॉबर्ट्सला मात्र एकाच गल्लीच्या दोन टोकांत उच्चनीचभाव दिसला, कारण आईच्या वहीत तो रोज लिहिला जात होता. त्याच्या पुस्तकाचे खरे मोल येथे आहे. त्याने वस्तीचे गोडवे गायिले नाहीत आणि तिच्या नावाने गळाही काढला नाही. मुलाच्या नजरेला जे मोजता येत होते ते त्याने मोजले. निवाडा नंतर, मोठेपणी आणि वेगळा ठेवून दिला.

या तुलनेत एक दुवा केवळ वाङ्मयीन नाही. लँकेशायरचे कापड आणि मुंबईचे कापड एकाच बाजारपेठेत एकमेकांसमोर उभे होते. लँकेशायरच्या हितासाठी १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसविण्यात आली होती. पुढे पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरचा हिंदुस्थानातील बाजार बसू लागला. विल्यम वुड्रफ (१९१६–२००८) याने ‘द रोड टु नॅब एंड’ या आठवणीत ब्लॅकबर्नच्या विणकऱ्यांच्या घरातील आपले बालपण सांगितले आहे. ते या मंदीतले आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला गेले, ते याच बेकार विणकऱ्यांना भेटावयास. सुताच्या एका टोकाला ब्लॅकबर्नचे मूल उपाशी होते आणि दुसऱ्या टोकाला परळचे. पहिल्याचे पुस्तक झाले. दुसऱ्याचे कोठे आहे?

यावर लगेच सुचणारे उत्तर निरक्षरतेचे आहे. इंग्लंडमध्ये १८८० पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत बंदी केली, हीच त्या काळची सुधारणा. ही तफावत मोठी आहे हे मान्य. तथापि हे उत्तर पुरे पडत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांना संघटित केले, आणि ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांच्या हाती होते. पुढे कामगारवस्तीत रात्रशाळा आल्या, वाचनालये आली, भजनी मंडळे आणि कलापथके आली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे शाहिरी वाङ्मय त्याच वस्तीने डोक्यावर घेतले. वस्तीला शब्दांचे वावडे नव्हते. तिने गाणे दिले, नाटक दिले, कविता दिली, भाषण दिले. बालपणाची गद्य आठवण तेवढी दिली नाही. तेव्हा कारण आणखी खोल शोधले पाहिजे.

माझ्या मते ते कारण गिरणीकामगाराच्या दुहेरी घरात आहे. सॅलफर्डच्या मजुराला परतावयास गाव उरले नव्हते. त्याचे शेत दोन-तीन पिढ्यांपूर्वीच सुटले होते. मुंबईच्या कामगाराचे तसे झाले नाही. तो कोकणातून वा घाटावरून आला, गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकली, खाणावळीत जेवला, साच्यावर उभा राहिला आणि बायको-मुले बहुधा गावीच ठेवली. जी कुटुंबे मुंबईत नांदली, त्यांच्याही बोलण्यात ‘घर’ म्हणजे गावचे घर आणि मुंबईत ती ‘खोली’. बाळंतपण गावी, लग्न गावी, म्हातारपण गावी. अशा घरातल्या मुलाला मोठेपणी बालपण आठवू लागले की, मन आपसूकच मे महिन्यातल्या गावाकडे धाव घेते. चाळीतली अकरा महिने ही जणू मधली वाट होती, असे त्याला वाटते. आणि वाटेच्या आठवणी कोणी लिहीत नाही.

अण्णाभाऊंची सर्वांना ठाऊक असलेली छक्कड या दुहेरी घरातूनच जन्मली. प्रियेला गावी ठेवून मुंबईत आलेल्या श्रमिकाचा विरह तीत आहे, आणि पुढे तोच विरह संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार, निपाणीच्या दुःखाशी जाऊन मिळतो. राजकीय गीत म्हणून तिची महती सर्वमान्य आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र एवढेच टिपून ठेवावे की, गिरणगावाच्या सर्वांत लोकप्रिय गीताचा जीव गावाकडे लागलेला आहे.

या विवेचनाची कसोटी पाहावयाची, तर ज्यांना परतावयास गाव नव्हते त्यांनी काय लिहिले ते पाहावे. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) हे मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने त्यांना घरी नेले आणि आपले नाव दिले. पुढे गंगाराम सुर्वे कामावरून निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेले. मुलगा मुंबईत मागे राहिला. ज्याने वाढविले त्याला गाव होते, जो वाढला त्याला नव्हते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत कामगारवस्ती ही प्रथमच कवीची जन्मभूमी म्हणून येते, याचे मूळ मला या प्रसंगात दिसते. सुर्व्यांना दुसरीकडे पळून जाता येण्याजोगी आठवणच नव्हती. रस्ता, गोदी, गिरणीचे फाटक, संपाचा मोर्चा यांतूनच त्यांना लहानपण उभे करावे लागले. अर्थात त्यांचे माध्यम कविता. कवितेत प्रसंग उजळून निघतो; पण खोलीचे भाडे किती, पाण्याची पाळी कोणाची, आईची पाळी रात्रीची असेल तेव्हा चूल कोण पेटवी, हा तपशील गद्यच धरून ठेवू शकते.

दुसरे उदाहरण दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८). या आत्मकथनाला गाव आहे आणि मुंबईचा कावाखानाही आहे. पण येथील गाव म्हणजे गावकुसाबाहेरचा महारवाडा. तो मनाला विसावा देत नाही. त्यामुळे ‘बलुतं’मध्ये शहरातील बालपणावर गावाची साय धरत नाही. कावाखान्याची दाटी, तेथील बायकांचे कष्ट, मुलाला कळलेले आणि न कळलेले मोठ्यांचे व्यवहार, हे सारे स्वच्छ दिसते. मोठा झालेला लेखक आणि पूर्वीचा दगडू यांना समोरासमोर बसविण्याची त्यांची योजनाही मुलाची नजर आणि प्रौढाचा निवाडा वेगळे ठेवण्यासाठीच आहे; रॉबर्ट्सने जे विवेचकाच्या शिस्तीने साधले ते पवारांनी संवादाने साधले. दलित आत्मकथनांची चर्चा आपण सामाजिक अंगाने पुष्कळ केली. मराठीत औद्योगिक शहरातील बालपणाचे पहिले भरीव गद्य त्यांच्यापैकी एका लेखणीतून आले, ही वाङ्मयीन नोंद मात्र पुरेशी झालेली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. जयंत पवार (१९६०–२०२१) यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात आणि पुढील कथांत या पडझडीतील घरे आली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी वस्तीतील शेकडाभर माणसांच्या तोंडून हकीकती गोळा केल्या. त्यांचा ग्रंथ २००४ साली इंग्रजीत निघाला आणि मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने आला. भोंगे बंद झाल्यावर आठवणींना भाव आला, असे म्हणता येईल. पण सांगणारा माणूस आणि लिहिणारा हात हे एकच असणे, ही गोष्ट निराळी राहते.

आता आमच्या मुलुखाकडे येतो. हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ पडली, तरी पलीकडचे गडहिंग्लज येथून हाकेच्या अंतरावर राहिले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्या मुलांनी गिरणी कधी पाहिली नाही. त्यांना ठाऊक होती ती मनीऑर्डर, तिच्या तळच्या चिठोऱ्यावरील दोन ओळी, यात्रेला येणाऱ्या बापाची पत्र्याची ट्रंक, त्याच्या अंगचा अनोळखी वास आणि संप लागला की घरात बंद होणारा चहा. हेही गिरणगावचेच बालपण आहे. सॅलफर्डच्या मुलाला कारखान्याची भिंत दिसत होती. आमच्या मुलाला कारखाना फक्त बापाच्या नसण्यात दिसत होता. मराठी कामगार-बालपणाचा अर्धा भाग मुंबईबाहेर, अशा गावांत घडला आहे. तो शोधावयाचा तर परळला जाऊन भागणार नाही.

आणि निपाणीचे काय? तेथे तर गाव आणि कारखाना एकाच ठिकाणी आहेत. तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात राबली ती मुख्यतः बाई. १९८० च्या सुमारास या स्त्रियांची संघटना उभी राहिली; ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार सर्वश्रुत आहे. दुहेरी घराचे कारण येथे लागू पडत नाही. तरीही विडी वळणाऱ्या आईच्या मुलाने वा मुलीने लिहिलेले बालपण आपल्या कपाटात मिळत नाही. याचे कारण असे की, येथे काम घरात होते आणि घरातल्या कामाला कोणी काम म्हणत नाही. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, मूल पाने कातरते, जुड्या बांधते. मजुरी हजारामागे, आणि ती आईच्या नावावर. १९८६ च्या कायद्याने विडीकामात मुलांना बंदी केली, पण कुटुंबाच्या साह्याने घरी चालणाऱ्या कामाला त्यात सूट राहिली. कायद्याने ज्याला काम मानले नाही, त्याची आठवणही कोणी आठवण मानली नाही.

निपाणीला महादेव मोरे यांच्यासारखा कथाकार लाभला, हे आमचे भाग्य. स्वतः पिठाची गिरणी चालवीत त्यांनी ‘एकोणिसावी जात’मध्ये मोटारींवर जगणाऱ्यांचे आणि ‘रैत’मध्ये तंबाखू पिकविणाऱ्यांचे जग मराठीत आणले. २०२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा या भागाची एक जिती नोंदवही मिटली. परंतु कथाकाराने दुसऱ्यांविषयी लिहिले म्हणून त्या दुसऱ्यांची आठवण लिहून झाली, असे समजणे ही वाचकाची सोय आहे. शेजारच्या कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’ (१९८७) लिहिली. त्यातील मुलाला शाळा हवी आहे आणि बापाला शेतावर दोन हात हवे आहेत. हॉगर्टने शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मजुराच्या मुलाची जी ओढाताण सांगितली तिचे हे शेतावरचे रूप. ‘झोंबी’ने राबणाऱ्या मुलाला मराठी गद्यात स्थान दिले; पण शेतीवर राबणे सांगण्याजोगे तरी असते, तिला मातीची प्रतिष्ठा आहे. खोकत पाने कातरण्याला तीही नाही.

येथे आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, वाट्याचा दोष कबूल केला पाहिजे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली आली आणि मराठी बालपणाचा वस्तुपाठ ठरली. पुस्तकाची थोरवी निर्विवाद आहे. पण वस्तुपाठाचा साचा झाला की, त्यात न मावणारे बालपण मुले मुकाट्याने बाहेर ठेवतात. मी शिकवीत असताना ‘माझी उन्हाळ्याची सुटी’ या विषयावर एका मुलीने आमराई, मामाचा गाव आणि झुळझुळणारा ओढा यांवर नेटका निबंध लिहिला होता. मी तिला वर्गात सर्वांत अधिक गुण दिले. पुढे सहज विचारले, तेव्हा कळले की तिचा मामा इचलकरंजीस यंत्रमागावर होता आणि सुटीचे दोन्ही महिने तिने आईपाशी पाने कातरण्यात घालविले होते. “मग ते का नाही लिहिलंस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “ते काय लिवायचं असतंय, सर?”

मराठी आत्मकथनातील उणीव कोठून सुरू होते, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. डिकन्सला जी लाज हयातभर पुरली, तीच त्या मुलीला मी गुण देऊन शिकवली होती. तेव्हा या लेखाचा निष्कर्ष केवळ समीक्षेचा नाही. कामगार-बालपणाच्या आठवणीची परीक्षा करताना ती कितपत कलात्मक आहे यापूर्वी एक प्रश्न विचारावा : मुलाला जे मोजता येत होते ते तिच्यात मोजलेले आहे काय? हजाराला किती वेळ लागे, आईच्या बोटांना काय होई, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले गेले तर त्या रात्री काय शिजे? आणि अशी आठवण कागदावर उतरावी म्हणून शाळांनी निबंधाचे विषय बदलावेत, परिषदांनी आपल्या अंकांची काही पाने राखावीत, आणि गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंत जे वृद्ध कामगार व विडीकामगार स्त्रिया आज हयात आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन जावे. त्यांची कानडी मिसळलेली मराठी शुद्ध करीत बसू नये.

त्या मुलीला मी तोच निबंध पुन्हा लिहावयास सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तिने एक पानभर लिहून आणले. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या आणि शेवट असा नव्हताच. पन्नास पानांचा एक थप्पा, असे वीस थप्पे, एवढा हिशेब मांडून तिने लेखणी खाली ठेवली होती. त्या पानावर मी गुण लिहिले नाहीत. ते वर्गात वाचून दाखवावयास हवे होते. तेही माझ्या हातून झाले नाही.